शुक्रवारचं टपाल

आमचं पोस्ट कंपनीकडे गेलं त्या दिवशी हे घरी मिठाईचा डबा घेऊन आले, आणि माझ्या मनात पाल चुकचुकली. पुठ्ठ्याचा मोठा डबा, वर सोनेरी फीत, आत तुपात न्हालेली, पिस्ते पेरलेली अरबी मिठाई. मुलगी लगेच तुटून पडली. मी डबा तिच्या हातून काढून ओट्यावर ठेवला.

"कोणी दिला?"

"कंपनीनं. सगळ्यांना दिला एकेक."

"कशाबद्दल?"

"अगं, कशाबद्दल काय? आनंदाबद्दल."

"कोणाच्या आनंदाबद्दल?"

हे हसले आणि बूट काढायला बसले. मी मुळातच संशयी आहे, हे आधीच सांगून टाकते. भाजीवाल्यानं मूठभर मिरच्या फुकट टाकल्या तरी मी खालच्या मिरच्या उलटून बघते. आणि हे नेमके माझ्या उलट. समोरचा गोड बोलला की ह्यांना तो देवमाणूस वाटायचा. ह्यांच्या तोंडात तीळ भिजायचा नाही. बसमध्ये शेजारी बसलेल्या परक्या माणसालासुद्धा आमच्या घरी काल काय शिजलं होतं ते समजायचं.

आम्ही तेव्हा बहरीनला, गुदैबियात राहत होतो. खाली कोल्ड स्टोअर, म्हणजे तिकडचं वाण्याचं दुकान, वर आमच्या दोन खोल्या, आणि मागच्या गल्लीत ते लहानसं पोस्ट. हे तिथं टपाल निवडायच्या कामाला होते. पोती उघडायची, पत्रं वेगळी करायची, पेट्यांत टाकायची. साधं काम. पण नोकरी सरकारी, व्हिसा सरकारी, आणि त्यामुळे ह्यांना फॅमिली स्टेटस होतं. म्हणजे मला आणि मुलीला तिथं राहायची परवानगी ह्यांच्या त्या नोकरीवर होती. ती गेली की आम्ही दोघी गेलो.

आता ही खासगी कंपनी काय करणार होती? तिकीट सरकारचं, शिक्का सरकारचा, इमारत सरकारची. काम तेवढं कंपनीचं. आणि माणसंही कंपनीची. सगळ्यांचे व्हिसे कंपनीच्या नावावर बदलून घ्यायचे होते. फॅमिली स्टेटस कोणाकोणाला द्यायचं ते कंपनी ठरवणार होती. हे एवढं सगळं ह्यांनी मला मिठाई खाता खाता सांगितलं, जणू पोस्टाच्या भिंतींना नवा रंग देणार आहेत.

मला ते दिवस पुन्हा नको होते. लग्नानंतर मी कित्येक वर्षं गुहागरच्या बाजूला सासरी काढली, आणि हे इकडे. दोन वर्षांतून एकदा यायचे, कपड्यांना अत्तराचा वास, बॅगेत टॉर्च आणि साबण. घरात जरा सैल होऊन बसायला लागले की जायची तारीख यायची. मुलगी झाली तेव्हाही हे नव्हते. ती चालायला-बोलायला लागल्यावर हे पहिल्यांदा आले, तर ती माझ्या पदराआड लपून म्हणाली, "आई, हा काका कधी जाणार?" हे हसले. मग मागीलदारी जाऊन बराच वेळ विहिरीवर पाणी शेंदत राहिले, हंडे भरलेले होते तरी. पुढे फॅमिली स्टेटस मिळालं, आम्ही दोघी विमानात बसलो, आणि मी मनाशी ठरवलं की आता मीठ-भाकरी खाऊ, पण एका छपराखाली खाऊ. माझं मागणं तेवढंच होतं.

आता शुक्रवारचं सांगायला हवं, कारण सगळं त्याच्यावरूनच झालं.

बहरीनमध्ये पोस्टमन दारोदार फिरत नसे. ज्याची पोस्टात पेटी, त्याचं पत्र पेटीत. आता सुताराला, गवंड्याला, मजुरांच्या कँपमध्ये राहणाऱ्या माणसाला कुठली पेटी? काहींची पत्रं त्यांच्या मालकाच्या पेटीत यायची आणि मालकाच्या ऑफिसात पडून राहायची. म्हणून आपल्याकडच्या लोकांनी एक वाट काढली होती. घरी पत्ता देताना ते आपलं नाव लिहायला सांगत, आणि खाली ह्यांच्या नावापुढे 'यांचे हस्ते'. खेड, दापोली, गुहागर, वाई, पाटण, कुठकुठल्या गावांहून पत्रं यायची आणि सगळी ह्यांच्या हस्ते. हे गुरुवारी दुपारी त्यांचा गठ्ठा बांधून घरी आणायचे. शुक्रवारी सुट्टी. सकाळपासून माणसं यायची, जिन्यावर चपलांचा ढीग पडायचा. मी परातभर पोहे करायचे, चहाचं पातेलं उतरायचं नाही.

ज्यांना वाचता येत नसे त्यांची पत्रं मी वाचून दाखवायची. ते माझं काम. स्वयंपाकघराच्या दारात स्टूल टाकून बसायचे, आणि एकेक जण समोर येऊन मांडी घालून बसायचा. म्हैस व्याली, कौलं फिरवली, भावानं बांध कोरला, पोरगी नापास झाली. कोणी हसायचं, कोणी गुडघ्यात मान घालायचं. "वहिनी, ती शेवटची ओळ पुन्हा वाचा." मी पुन्हा वाचायची. आमच्या पोरीचं शिक्षण इंग्रजीत, ती दारातून डोकावून म्हणायची, "आई, व्हाय इज ही क्राइंग?" मी तिला डोळे दाखवायची.

हे नियमात बसत नव्हतं. टपाल इमारतीबाहेर न्यायचं नाही हा नियम तेव्हाही होता. पण आमचे पोस्टमास्तर म्हातारे बहरीनी गृहस्थ, स्वभावानं सरळ. गुरुवारी गठ्ठा बांधायला सुतळी तेच काढून द्यायचे. "यल्ला, यल्ला, चल नीघ, तुझी माणसं वाट बघत असतील," असं मोडक्या हिंदीत म्हणायचे. कंपनी आल्यावर पहिल्यांदा त्यांनाच घरी पाठवलं. शाल दिली, घड्याळ दिलं, आणि गेले. तेव्हाच मी ह्यांना म्हटलं होतं, "अहो, ज्याला सगळं माहीत आहे त्याला आधी घालवतात. सांभाळून राहा."

"तुझं आपलं काहीतरीच," हे म्हणाले.

कंपनीचा मॅनेजर मराठी निघाला. मुंबईचा, दादरकडचा, गोरागोमटा, राहायला रिफाला, श्रीमंतांच्या वस्तीत, मोठ्या व्हिलात. हे खुशीत सांगत आले, "अगं, साहेब आपल्यातलाच आहे! मला म्हणाला, काय कोकणातले का, आमच्या आईचं माहेर तिकडचंच." झालं. ह्यांना तेवढं पुरे होतं. मला उलट जास्त धास्ती वाटली. अरब असता, इंग्रज असता, तर हे जपून बोलले असते. आपल्या भाषेत विचारल्यावर ह्यांना कोण आवरणार?

पोस्ट हळूहळू बदलायला लागलं. खिडकीला काच आली, काचेला बोलायचं भोक, ते पण इतकं खाली की माणसानं वाकूनच बोलावं. दुपारची खिडकी बंद झाली. कँपमधल्या माणसाला सुटी व्हायची तीच वेळ, पण ते कोण बघतो? पेट्यांचं भाडं वाढलं. खालच्या कोल्ड स्टोअरवाल्यानं पेटी सोडून दिली आणि दिवसभर बडबडत बसला. टपाल निवडणारी माणसं कमी केली, आणि राहिलेल्यांच्या मागे एक माणूस उभा केला, नुसता बघायला. तो काय बघायचा कोणालाच माहीत नव्हतं. हे म्हणायचे, "उगाच उभा असतो बिचारा, पाय दुखत असतील." मी कपाळावर हात मारून घेतला.

मग साहेबानं एकेकाला चहाला बोलवायला सुरुवात केली. ऑफिसात, दार लावून. ह्यांचीही पाळी आली.

"काय विचारलं?" मी दारातच धरलं.

"काही नाही गं. कामाचं. चहा दिला, बिस्किटं दिली. फार सुधारलेला माणूस. म्हणाला, मनमोकळं बोला."

"मग? बोललात?"

"कामाचंच बोललो."

मी ह्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. तोंड नेहमीसारखंच, स्वच्छ धुतलेल्या पाटीसारखं. मला काहीच सापडलं नाही.

दोन आठवडे गेले असतील नसतील, भिंतीवर नोटीस लागली. टपाल इमारतीबाहेर नेणं हा गुन्हा, नोकरीवरून काढण्यात येईल. आणि त्याच दिवशी ह्यांना वर बोलावलं. साहेबाला सगळं माहीत होतं. गुरुवारचा गठ्ठा, शुक्रवारची माणसं, सुतळी, पोहे, मी स्टुलावर बसून पत्रं वाचते तेसुद्धा. परक्यांची पत्रं उघडून वाचली जातात, असं त्यांच्या कागदावर आलं होतं. साहेब म्हणाला, खरं तर घरीच पाठवायला हवं, पण तुम्ही साधे आहात म्हणून दया करतो. नोकरी राहील. बॅचलर स्टेटसवर राहील. कंपनीच्या खोलीत पाच-सहा जणांत राहायचं. बायको-मुलीचा व्हिसा संपेल तेव्हा त्यांना गावी पाठवायचं.

घरी येऊन हे सगळं सांगताना ह्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. मी रडले नाही. माझं डोकं फिरलं. "कोणी सांगितलं?" मी विचारलं. "आपल्या घरात बसून, माझ्या हातचं खाऊन, कोणी चुगली केली?"

हे खिडकीतून बाहेर बघत बसले.

माझा संशय ड्रायव्हरवर होता. पोस्टाची व्हॅन चालवणारा, साताऱ्याकडचा, आमच्याकडे अगदी घरच्यासारखा. ह्यांचा जुना सोबती. त्याला अक्षरओळख नव्हती. दर शुक्रवारी मी त्याच्या बायकोची पत्रं वाचायची. पण कंपनी आल्यापासून त्याचं वागणं बदललं होतं. त्याला निळं जाकीट मिळालं, पाठीवर कंपनीचं नाव. ड्रायव्हरांचा मुकादम केला त्याला. साहेबाच्या मोटारीत त्याला बसलेलं मी स्वतः बघितलं, बाजारात, मसाल्याच्या गल्लीच्या तोंडाशी. मला बघून त्यानं मान फिरवली. आणि शुक्रवारचं येणंही बंद. अजून काय पुरावा हवा? आठवडाभर मी भांडी आपटत होते. भात गाळताना, फरशी पुसताना, माझ्या डोक्यात त्याच्याशीच भांडण चालू होतं. मेल्या, तुझ्या आईच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं ते तुला कोणी वाचून दाखवलं?

आणि त्या शुक्रवारी तो आला. जाकीट घालूनच.

गठ्ठा नव्हता त्या दिवशी. पत्रं नव्हती, तरी सवयीनं सात-आठ माणसं जमली होती. काय झालं ते सगळ्यांना समजलेलं होतं, त्यामुळे कोणी कोणाच्या तोंडाकडे बघत नव्हतं. प्रत्येकाच्या मनात तोच प्रश्न, की आपल्यातला कोण? एरवी खोलीत इतका गलका असायचा की खालचा कोल्ड स्टोअरवाला छताला काठी ठोकायचा. त्या दिवशी बशा-चमचेच वाजत होते. मी पोहे वाढले. सगळ्यांच्या बशीत वरून ओलं खोबरं घातलं, ड्रायव्हरच्या बशीत घातलं नाही. त्यानं बशीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

मी पदर खोचला आणि खोलीच्या मध्ये उभी राहिले. "मला एक विचारायचंय," मी म्हटलं. "सगळ्यांसमोर विचारायचंय. ह्या घरातली गोष्ट साहेबाच्या कानावर..."

"मी सांगितली," हे म्हणाले.

मला वाटलं, मला आवरायला काहीतरी बोलतायत. मी वळले, तर हे भिंतीशी उकिडवे बसलेले, मान खाली.

"साहेबानं विचारलं, नेमलेल्या कामापलीकडे लोकांसाठी काय करता? म्हणाला, कंपनीला अशीच माणसं हवीत. मग मी सांगितलं. गठ्ठ्याचं सांगितलं, शुक्रवारचं सांगितलं. तू वाचून दाखवतेस ते पण सांगितलं. म्हटलं, आमच्या मंडळींसारखं वाचणं कोणाचं नाही. तो लिहून घेत होता. मला वाटलं..." ह्यांनी फरशीवर बोट फिरवलं. "मला वाटलं, शाबासकी देतील."

अरे देवा! मी जागच्या जागी खाली बसले. इतका वेळ सगळीकडे चोर शोधत होते, आणि चोर माझ्याच घरात, तोही चोर नव्हेच. माझा नवरा माझं कौतुक करायला गेला होता. मला राग यावा की रडू, तेच समजेना. मग दोन्ही आलं. "अहो, काय केलंत हो हे!" एवढंच मी म्हणू शकले.

मग ड्रायव्हरनं बशी खाली ठेवली. "मला बी बोलावलं व्हतं साहेबानं," तो म्हणाला. "मी म्हनलो, साहेब, मी गाडी हाकतो. मागं पोत्यात काय असतं ते मला काय ठावं? तवा हे जाकीट मिळालं. आन् आता साहेबाची पोरं साळंत सोडतो, बायकोचा बाजार आनतो. न्हाई म्हनायची सोय न्हाई. कुठल्या तोंडानं येऊ हितं?"

मी उठले आणि त्याच्या बशीत खोबरं घातलं. दुसरं काय करणार होते?

पण मी हात बांधून बसणारी नव्हे. दोन दिवसांनी मुलीला शाळेत सोडलं आणि तडक साहेबाकडे गेले. ह्यांना सांगितलं नाही. साहेब उठून उभा राहिला, "या वहिनी, बसा." चहा मागवला. मी म्हटलं, मी चहा घेत नाही. साफ खोटं.

मी सरळ मुद्द्यावर आले. नोटीस नंतर लागली, त्याआधी पोस्टमास्तरांच्या परवानगीनं चाललं होतं, पत्रं ज्याची त्याला मिळत होती, एकही गहाळ झालेलं नाही. मग शिक्षा कसली? तो सगळं ऐकत होता, मान हलवत होता. फार सभ्य माणूस. बोलताना आवाज एकदाही चढला नाही.

"वहिनी, मलाही वाईट वाटतं," तो म्हणाला. "लहान मुलगी आहे. फॅमिली स्टेटस परत देणं माझ्या हातात आहे. पण वर मला काहीतरी दाखवावं लागेल. एकट्या माणसाचं हे काम नाही, हो ना? आपली व्हॅन कँपांवरून जाते. ड्रायव्हर कँपच्या फाटकाशी थांबतो आणि पत्रं देतो, असं माझ्या कानावर आलंय. तुम्ही घरातल्या. तुम्हाला माहीत असणार. लिहून नको, सही नको. नुसतं हो म्हणा."

ड्रायव्हर खरंच थांबत होता. मला पक्कं माहीत होतं. जे शुक्रवारी येऊ शकत नसत, त्यांची पत्रं तोच नेऊन द्यायचा. वाटेत खायला पोह्यांचा डबा मीच बांधून द्यायची. एक 'हो' म्हटलं असतं तर मुलीची शाळा राहत होती, दोन खोल्या राहत होत्या, हे संध्याकाळी घरी येत होते.

खोटं कशाला सांगू, शब्द माझ्या ओठांवर आला होता. संशय मला त्याही क्षणी होता. हा माणूस 'हो' घेईल आणि ड्रायव्हरला आणि आम्हालाही घालवील, असं वाटत होतं. पण मी थांबले ते त्या संशयानं नाही. ड्रायव्हरची बायको माझ्यासमोर उभी राहिली. मी तिला कधी बघितलं नव्हतं, फोटोतसुद्धा नाही. पण तिचं सगळं बोलणं माझ्या तोंडून बाहेर पडलं होतं. 'पोराला वही पायजे.' 'आत्याबाई रातीला तुमचं नाव घेत्यात.' 'कधी येनार ते लिवा.' इतकी वर्षं ती माझ्या आवाजात नवऱ्याशी बोलली होती. त्याच तोंडानं मी तिच्या नवऱ्याची नोकरी कशी घालवू?

"मला काही माहीत नाही," मी म्हटलं.

"विचार करा, वहिनी."

"केला," मी म्हटलं आणि उठले. जिना उतरताना मी त्या माणसाला मनात येतील त्या सगळ्या शिव्या दिल्या.

व्हिसा संपला आणि आम्ही दोघी परत आलो. नोकरी सोडून हेही का आले नाहीत, असं लोक विचारतात. येऊन करणार काय होते? घर ह्यांच्यावर, दिरांची शिक्षणं ह्यांच्यावर. विमानतळावर मुलगी ह्यांच्या गळ्याला अशी चिकटली की शिपायानं हसत हसत तिचे हात सोडवले.

गावाकडे आल्यावर वेगळंच दिसलं. पत्रं परत यायला लागली होती. बायकांनी लिहिलेली, बहरीनला जाऊन, पाठीवर शिक्का घेऊन परत आलेली. 'यांचे हस्ते' आता कंपनीत चालत नव्हतं. पेटी नाही तर पत्र नाही. पोस्टमन ती पत्रं बायकांच्या हातात देऊन निघून जायचा, आणि त्या माझ्याकडे यायच्या. "काय गो, तू तिथलीच ना? आमचे कुठं गेले? पत्ता कसा नाही त्यांना?" मी सांगायची, माणूस तिथंच आहे, पोस्ट कंपनीचं झालंय म्हणून असं होतंय. त्या ऐकून घ्यायच्या आणि एकमेकींकडे बघायच्या. पोस्ट कधी कंपनीचं असतं का? एकीनं तर मला तोंडावर विचारलं, "खरं सांग, तिथं दुसरी केलीय ना त्यांनी?" मी शपथ घेतली तरी तिचा विश्वास बसला नाही. मी तिला दोष देत नाही. तिच्या जागी मी असते तर मीही नसता ठेवला.

ह्यांची पत्रं मात्र यायची. नीट पेटीत टाकलेली, वेळेवर. 'मी खुशाल आहे. काम ठीक. तुमची खुशाली कळवणे.' एवढंच. पहिल्यांदा वाटलं, घाईत लिहिलं असेल. दुसरं पत्रही तसंच, तिसरंही तसंच. ज्या माणसानं मला एकेकाळी चार-चार पानं लिहून खोलीतल्या पालीचंसुद्धा वर्णन कळवलं होतं, त्याची ही पत्रं. मी ओळींच्या मध्ये काही सापडतं का बघायची. सासूबाई म्हणायच्या, "खुशाल आहे म्हणतोय ना? मग झालं तर."

मग हे सुट्टीवर आले. दोन वर्षांनी. अंगानं उतरले होते, केस पिकले होते. गोतावळा जमला, हे सगळ्यांशी बरं बोलले, पण बेतानं. विचारलं तेवढंच. शेजारचे काका म्हणाले, "काय रे, तिकडचं काहीतरी सांग की!" तर हे म्हणाले, "काय सांगायचं, चाललंय." मुलगी शेजारी बसली होती, तिनं विचारलं, "बाबा, आपली रूम अजून आहे?" हे म्हणाले, "माहीत नाही." ती रूम पोस्टाच्या शेजारच्या गल्लीतच होती. रोज तिथून जात असणार.

दुसऱ्या दिवशी दुपारी सगळे पांगले. मी पडवीत तांदूळ निवडत होते. हे आले, समोर बसले, काहीतरी बोलायचं असल्यासारखे. मी म्हटलं, "काय झालं? बोला ना."

ह्यांनी अंगणाकडे बघितलं. अंगणात कोणी नव्हतं, वाळत घातलेली आमसुलं होती. तरी उठले आणि पडवीचं दार ओढून घेतलं. आमच्याकडे भर दुपारी दार कोणी लावत नाही. घरात कोणी वारलं तरच लावतात. वाटलं, काय ऐकायचंय आता? नोकरी गेली? आजार आहे काही? ती बाई म्हणाली तसं काही? माझ्या मनात एका क्षणात काय काय येऊन गेलं ते मी लिहीत नाही.

हे जवळ येऊन बसले, अगदी हळू आवाजात म्हणाले, "कोणाला सांगणार नाहीस ना?"

"मी? अहो, मी बायको आहे तुमची."

"तरी पण."

"नाही सांगणार. बोला."

ह्यांनी पुन्हा एकदा लावलेल्या दाराकडे बघितलं.

"मला तिकडे करमत नाही गं," हे म्हणाले.

मी वाट बघत राहिले. पण तेवढंच होतं. तेवढं सांगायला ह्यांनी दार लावलं होतं.